मुंबईचा रेकॉर्डर : सर जेम्स मॅकिन्टॉश

सर जेम्स मॅकिन्टॉश (१७६५–१८३२) हा मूळचा स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेचा. शिक्षणाने वैद्य, पेशाने वकील, साडेसात वर्षे मुंबईचा सर्वोच्च न्यायाधीश आणि आयुष्याची शेवटची एकोणीस वर्षे ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य, असा त्याचा प्रवास झाला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा उगम त्याच्या परळच्या घरी भरलेल्या एका बैठकीत आहे, आणि इंग्लंडच्या फौजदारी कायद्यातील देहान्त शिक्षांचे जंगल तोडण्याच्या कामातही त्याचा वाटा मोठा आहे. असे असूनही त्याच्या हयातीत आणि नंतरही त्याच्यावर दोन ठपके कायम राहिले. त्याने पक्ष बदलला, हा पहिला. आणि हाती घेतलेला ग्रंथ पुरा केला नाही, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे, पण त्यांच्यावरून या माणसाचे माप घेता येत नाही.

त्याचा जन्म २४ ऑक्टोबर १७६५ रोजी इन्व्हर्नेसजवळ, नेस सरोवराच्या काठी ऑल्डौरी येथे झाला. वडील लष्करात कॅप्टन होते आणि बहुतेक काळ पलटणीबरोबर परमुलखात असत, त्यामुळे मुलाचे संगोपन आजीच्या घरी झाले. कुळाची जमीन होती, पण पैसा नव्हता. फोर्ट्रोजच्या शाळेत मुलगा हाती पडेल ते वाचू लागला, आणि ती सवय त्याला जन्मभर पुरली. १७८० मध्ये तो ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात गेला. तेथे पुढे बाप्टिस्ट धर्मोपदेशक म्हणून गाजलेला रॉबर्ट हॉल त्याचा सोबती झाला. दोघे समुद्रकिनाऱ्यावर फिरत तत्त्वज्ञानावर तासन्‌तास वाद घालत. सहाध्यायी त्यांना ‘प्लेटो आणि हिरोडोटस’ म्हणत.

वकिली शिकायची तर पैसा हवा होता, म्हणून १७८४ मध्ये त्याने एडिंबरोला वैद्यकाचा अभ्यासक्रम धरला. त्या काळचे एडिंबरो हे युरोपातील विचारांचे एक मोठे पीठ होते. ॲडम स्मिथ आणि इतिहासकार रॉबर्टसन हयात होते, आणि विद्यार्थ्यांच्या वादसभा वर्गांपेक्षा अधिक गजबजलेल्या असत. मॅकिन्टॉशचे मन शरीरशास्त्रापेक्षा या सभांत रमले. तरीही १७८७ मध्ये त्याने वैद्यकाची पदवी मिळवली आणि पुढच्या वर्षी लंडन गाठले. वैद्यकी काही चालली नाही. १७८९ मध्ये कॅथरिन स्ट्युअर्टशी त्याचे लग्न झाले. तिचा भाऊ डॅनियल स्ट्युअर्ट पुढे ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राचा मालक झाला. या काळात मॅकिन्टॉशचे पोट वृत्तपत्री लिखाणावर चालले, आणि आळशी, उधळ्या नवऱ्याला लिहायला बसवण्याचे काम बायकोने नेटाने केले. त्याने स्वतःच ही कबुली तिच्या मृत्यूनंतर एका पत्रात दिली आहे.

फ्रान्समध्ये क्रांती झाली त्याच वर्षी हे लग्न झाले होते. १७९० च्या अखेरीस एडमंड बर्कने त्या क्रांतीवर तिखट हल्ला चढवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सगळे इंग्लंड वादात ओढले गेले. थॉमस पेनने बर्कला सामान्य वाचकाच्या भाषेत उत्तर दिले. सुशिक्षित, कायद्याच्या आणि इतिहासाच्या अंगाने विचार करणाऱ्या वर्गाला पटेल असे उत्तर दिले ते पंचविशीतल्या मॅकिन्टॉशने. त्याचा ‘व्हिन्डिसिए गॅलिकाए’ हा ग्रंथ १७९१ मध्ये निघाला. तो हातोहात खपला. प्रकाशकाने ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त मोबदला आपण होऊन दिला. फॉक्स आणि शेरिडन यांच्यासारखे विरोधी व्हिग पक्षाचे पुढारी या अनोळखी स्कॉटची चौकशी करू लागले. बर्कच्या भावनावेगाला त्याने शांत युक्तिवादाने तोंड दिले होते, आणि प्रतिपक्षाच्या मोठेपणाविषयीचा आदर कोठेही सोडला नव्हता. या दुसऱ्या गुणाचे त्या वर्षांत दुर्भिक्ष होते.

१७९२ मध्ये पार्लमेंटच्या सुधारणेसाठी व्हिगांनी ‘फ्रेंड्स ऑफ द पीपल’ ही संस्था काढली आणि मॅकिन्टॉश तिचा चिटणीस झाला. तरुणपणी मतदानपद्धतीच्या सुधारणेचा कैवार घेणारा पंतप्रधान पिट आता सुधारकांवरच उलटला होता. तेव्हा त्याला उद्देशून मॅकिन्टॉशने एक पत्रक लिहिले आणि त्यात त्याच्यावर तत्त्वत्यागाचा आरोप केला. पाच-सात वर्षांत हाच आरोप त्याच्या स्वतःच्या अंगावर आला.

पॅरिसमधील कत्तली, गिलोटिन आणि फ्रेंच सैन्याची शेजारी देशांवरील आक्रमणे पाहून त्याचा विश्वास डळमळला. १७९५ मध्ये तो वकील झाला. १७९६ मध्ये त्याने बर्कला पत्र लिहून आपली चूक मान्य केली, आणि मृत्यूच्या छायेत असलेल्या त्या वृद्ध प्रतिस्पर्ध्याच्या घरी तो काही दिवस राहून आला. १७९९ मध्ये लिंकन्स इनच्या सभागृहात त्याने ‘निसर्गाचा आणि राष्ट्रांचा कायदा’ या विषयावर व्याख्यानमाला सुरू केली. एके काळच्या क्रांतिसमर्थकाला सभागृह द्यावे की नाही यावर इनच्या चालकांत कुरबुर झाली. ज्या पिटवर त्याने आग पाखडली होती, त्याच्याच सरकारातील वजनदार माणसांनी मध्ये पडून परवानगी मिळवून दिली. श्रोत्यांत उमराव, पार्लमेंटचे सदस्य आणि नामांकित वकील होते. या व्याख्यानांत त्याने क्रांतीच्या तत्त्वज्ञानाची, विशेषतः सगळा समाज एका कल्पनेवर नव्याने उभारता येतो या समजाची, जाहीर चिरफाड केली.

जुने मित्र दुखावले. समोर बसून ऐकणाऱ्या निबंधकार विल्यम हॅझ्लिटने पुढे पाव शतकानेही त्याच्यावर लिहिताना हात राखला नाही. सर्वांत झोंबणारा टोला सॅम्युअल पार या विद्वानाचा. देशद्रोहासाठी फाशी गेलेल्या एका आयरिश धर्मगुरूची मॅकिन्टॉश निंदा करत होता. त्यावर पार म्हणाला की तो मनुष्य याहूनही वाईट असू शकला असता: आयरिश होता, स्कॉट असता; धर्मगुरू होता, वकील असता; देशद्रोही होता, तत्त्वत्यागी असता.

या प्रकरणात निकाल द्यायचा तर पुढचे आयुष्य पाहावे लागते. १८१२ मध्ये टोरी पंतप्रधान पर्सिव्हलने त्याला पार्लमेंटमध्ये जागा देऊ केली, पुढे मोठ्या पदाची आशाही होती. कॅथलिकांना समान हक्क मिळावेत या मताला आपण बांधलेले आहोत आणि हे सरकार त्याविरुद्ध आहे, असे कारण देऊन त्याने ती नाकारली. त्या वेळी त्याच्याजवळ पैसा नव्हता आणि प्रकृती खालावलेली होती. पदासाठी मत विकणारा माणूस असा वागत नाही. फ्रेंच क्रांतीविषयी त्याचे मत घटना पाहून बदलले आणि नंतर ते पुन्हा मधल्या जागी येऊन स्थिरावले. पार्लमेंटची सुधारणा, धर्मस्वातंत्र्य आणि छपाईचे स्वातंत्र्य या मुद्द्यांवर तो कधी ढळला नाही.

छपाईच्या स्वातंत्र्यावरूनच त्याचे नाव युरोपभर झाले. झाँ पेल्तिए नावाचा फ्रेंच निर्वासित लंडनमधून एक नियतकालिक काढत असे आणि त्यात बोनापार्तवर सडकून टीका करी. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तह होता. बोनापार्तच्या तक्रारीवरून इंग्लंडच्या सरकारनेच पेल्तिएवर बदनामीचा खटला भरला. २१ फेब्रुवारी १८०३ रोजी लॉर्ड एलनबरोपुढे सुनावणी झाली आणि मॅकिन्टॉशने आरोपीचा बचाव केला. युरोपातील एकेक स्वतंत्र छापखाना बंद पडत असताना इंग्लंडचे ज्यूरी हेच मुक्त लेखणीचे अखेरचे आश्रयस्थान उरले आहे, हा त्याच्या भाषणाचा गाभा होता. ज्यूरीने तरीही पेल्तिएला दोषी ठरवले, पण काही आठवड्यांतच फ्रान्सशी युद्ध पेटले आणि शिक्षा सुनावली गेलीच नाही. मादाम द स्तालने ते भाषण फ्रेंचमध्ये आणले. खटला हरलेल्या वकिलाला यापेक्षा मोठी पावती क्वचितच मिळाली असेल.

दरम्यान १७९७ मध्ये त्याची पत्नी तीन मुली मागे ठेवून वारली होती. पुढच्या वर्षी त्याने वेल्समधील क्रेसेलीच्या ॲलन घराण्यातील कॅथरिनशी दुसरे लग्न केले. तिच्या बहिणी प्रसिद्ध चिनीमाती-कारखानदार वेजवुड यांच्या घरात दिलेल्या होत्या. कुटुंब वाढले आणि कर्जही वाढले. गप्पांची मैफल, जेवणावळी आणि पुस्तके यांवर त्याचा पैसा पाण्यासारखा जाई. इंग्रज वकिलाला त्या काळी थोड्या वर्षांत आयुष्यभराची बेगमी करून देणारी एक वाट होती, ती म्हणजे हिंदुस्थानातील न्यायाधीशाची जागा. मुंबईच्या रेकॉर्डरचे पद रिकामे होते. १८०३ मध्ये त्याची नेमणूक झाली, ‘सर’ हा किताब मिळाला, आणि २६ मे १८०४ रोजी तो सहकुटुंब मुंबईत उतरला.

रेकॉर्डरचे न्यायालय तेव्हा अवघ्या सहा वर्षांचे होते. त्याआधी मुंबईत ‘मेयर्स कोर्ट’ होते आणि त्यात कायदा न शिकलेले व्यापारीच न्याय देत. १७९८ मध्ये राजाच्या सनदेने त्याच्या जागी रेकॉर्डरचे न्यायालय आले. मेयर आणि काही आल्डरमन त्यात बसत, पण प्रमुख रेकॉर्डर हा शिकलेला बॅरिस्टर असे आणि त्याची नेमणूक ईस्ट इंडिया कंपनी नव्हे, तर राजा करी. त्यामुळे कंपनी सरकारचा हुकूम त्याच्यावर चालत नव्हता, उलट कंपनीच्या अधिकाऱ्यांना त्याच्यापुढे आरोपी म्हणून उभे राहावे लागे. १८२४ मध्ये या न्यायालयाची जागा सुप्रीम कोर्टाने आणि १८६२ मध्ये हायकोर्टाने घेतली. मॅकिन्टॉश हा सर विल्यम सायरनंतरचा दुसरा रेकॉर्डर. पहिल्याने घडी बसवली. मॅकिन्टॉशने त्या खुर्चीला वजन आणले.

तो आला तेव्हा मुंबईची स्थिती बिकट होती. वसईच्या तहानंतरची युद्धे आणि १८०३–०४ चा दुष्काळ यांनी देश आणि कोकण उजाड केले होते. अन्नासाठी माणसांचे लोंढे बेटावर येत होते आणि गव्हर्नर जोनाथन डंकनच्या सरकारने त्यांच्यासाठी मदतीची व्यवस्था उभी केली होती. डंकन हा बनारसच्या संस्कृत पाठशाळेचा संस्थापक, अनेक वर्षे हिंदुस्थानात मुरलेला. दीर्घ वास्तव्याने तो अर्धा ब्राह्मण झाला आहे, अशी नोंद मॅकिन्टॉशने केली. याच डंकनने परळची सरकारी हवेली नव्या न्यायाधीशाला राहायला दिली.

मुंबईतील कारकिर्दीचा गाभा त्याच्या देहान्त शिक्षेविषयीच्या भूमिकेत आहे. त्या काळच्या इंग्लंडात दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरणेही त्यात येत असे. तोच कायदा मुंबई बेटावर लागू होता. शिक्षेचा धाक तिच्या क्रौर्यात नसून तिच्या अटळपणात आहे, हे इटालियन विचारवंत बेकारियाचे मत मॅकिन्टॉशला पटले होते. लंडनमध्ये ते मत ग्रंथात राहिले असते. मुंबईत त्याच्या हाती खरोखरीचे न्यायासन होते. त्याने फाशीच्या ऐवजी कैद आणि हद्दपारी यांचा अवलंब केला आणि वर्षामागून वर्ष आकडे टिपून ठेवले.

२० जुलै १८११ रोजी ग्रँड ज्यूरीपुढे केलेल्या निरोपाच्या भाषणात त्याने हा हिशेब मांडला. न्यायालयाच्या जुन्या दप्तरातून अठराव्या शतकातील सात वर्षांचे आकडे काढून त्याने ते स्वतःच्या सात वर्षांशी ताडून दाखवले. जुन्या काळात लोकसंख्या थोडी असूनही फाशी सर्रास दिली जाई, तरी खून कमी नव्हते. त्याच्या कारकिर्दीत सुमारे दोन लाख माणसांवर सात वर्षे एकही देहान्त शिक्षा न देता राज्य चालले आणि गुन्हे वाढले नाहीत. शिक्षाशास्त्राच्या इतिहासात हे भाषण महत्त्वाचे आहे, कारण फाशीविरुद्धचा युक्तिवाद दयेच्या आवाहनावर न थांबता येथे एका शहराच्या नोंदींवर उभा राहिला. नमुना लहान होता आणि त्याची मर्यादा मॅकिन्टॉशही जाणून होता. त्याने स्वतः त्याला छोटासा प्रयोगच म्हटले. पण तो प्रत्यक्ष न्यायासनावरून केलेला प्रयोग होता.

न्यायाची दुसरी बाजू म्हणजे सत्तेला लगाम. मुंबईचा पोलीस सुपरिंटेंडेंट तेव्हा न्यायालयाला न विचारता लोकांना फटके मारी, बेड्या घालून कामाला जुंपी, बेटाबाहेर घालवी. अशा अधिकाराला कायद्याचा आधार नाही, असे रेकॉर्डरने बजावले. गरीब देशी माणसाला याचा थेट लाभ झाला. तरीही मॅकिन्टॉशची दृष्टी त्या काळच्या युरोपीय माणसाचीच होती, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. न्यायालयात देशी साक्षीदार सर्रास खोटे बोलतात, असे तो ग्रँड ज्यूरीला सांगे आणि त्याचे खापर इथल्या धर्मावर व समाजस्थितीवर फोडी. परकी भाषा, परकी शपथ आणि दुभाष्याच्या तोंडून चालणारा खटला यांचा साक्षीवर काय परिणाम होत असेल, याचा विचार त्याने पुरेसा केला नाही. साडेसात वर्षांत तो इथली एकही भाषा शिकला नाही.

मग इथल्या विद्येशी त्याचा संबंध काय? तो होता, पण संघटकाचा. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी, म्हणजे मुंबईत पाय ठेवल्यावर बरोबर सहा महिन्यांनी, त्याने परळच्या घरी शहरातील वाचत्या-लिहित्या युरोपीयांना बोलावले आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली. मॅकिन्टॉश अध्यक्ष झाला. गव्हर्नर डंकन, हिंदू देवदेवतांवर पुढे मोठा सचित्र ग्रंथ लिहिणारा एडवर्ड मूर, डॉक्टर हेलेनस स्कॉट, व्यापारी चार्ल्स फोर्ब्स अशी मंडळी आरंभी होती. चिटणीस विल्यम अर्स्किन हा मॅकिन्टॉशबरोबरच स्कॉटलंडहून आला होता. कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी विल्यम जोन्सने १७८४ मध्ये स्थापली तेव्हा तो स्वतः संस्कृतच्या अभ्यासाला लागला. मॅकिन्टॉशपाशी ती चिकाटी नव्हती. त्याने उद्घाटनाच्या भाषणात वेगळीच मागणी केली: जुन्या ग्रंथांबरोबर चालू काळाचाही अभ्यास व्हावा, लोकसंख्या, जन्ममृत्यू, मजुरी, शेती, व्यापार यांची माहिती पद्धतशीर गोळा व्हावी. १८०६ मध्ये त्याने हिंदुस्थानातील भाषांच्या तुलनात्मक शब्दसंग्रहाची योजनाही मांडली. देशभरच्या अधिकाऱ्यांनी ठराविक शब्दांची यादी घेऊन आपापल्या जिल्ह्यातील बोलीत ते शब्द टिपावेत, अशी ती कल्पना होती. ग्रियर्सनची भाषिक पाहणी याच्या सुमारे नव्वद वर्षांनंतर सुरू झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या सूचनेची दूरदृष्टी कळते.

माणसांना लिहिते करण्यात त्याचा हातखंडा होता. जॉन माल्कमशी त्याची दाट मैत्री होती. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सला त्याने उत्तेजन दिले. अर्स्किनने घारापुरीच्या लेण्यांवर लिहिलेला विस्तृत निबंध सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात आला आणि बाबराच्या आत्मचरित्राचे लेडनने सुरू केलेले भाषांतरही त्यानेच तडीस नेले. अर्स्किनने पुढे मॅकिन्टॉशच्या मेटलंड या मुलीशी लग्न केले. दुसरी मुलगी मेरी हिचे लग्न १८०८ मध्ये मुंबईतच क्लॉडियस रिचशी झाले. रिच बगदादचा रेसिडेंट झाला, बॅबिलोनच्या अवशेषांचा त्याने पहिला काटेकोर अभ्यास केला, आणि त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने घेतला.

स्वतः मॅकिन्टॉश मात्र मुंबईला कंटाळला होता. हवा सोसत नव्हती, बोलण्याजोगी माणसे थोडी होती, इंग्लंडची पत्रे सहा-सहा महिने येत नसत. १८०५ मध्ये तो पुण्याला गेला आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्याला भेटला, पण अशा सफरी मोजक्याच. बाकीचा वेळ त्याने वाचनात घालवला. जर्मन तत्त्वज्ञांचे ग्रंथ त्याने मुंबईच्या उकाड्यात पचवले आणि रोजनिशीत पानेच्या पाने टिपणे काढली. १६८८ च्या राज्यक्रांतीपासूनचा इंग्लंडचा इतिहास लिहायचा, हा बेत त्याने येथेच पक्का केला. लिखाण मात्र उद्यावर जात राहिले. ६ नोव्हेंबर १८११ रोजी, प्रकृती पार ढासळलेली असताना, त्याने मुंबई सोडली. वर्षाला बाराशे पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. ज्या बेगमीसाठी तो आला होता ती काही जमली नव्हती.

१८१३ मध्ये तो नेअर्न या स्कॉटिश परगण्यातून पार्लमेंटवर निवडून गेला. ‘निवडून’ या शब्दाने आजच्या वाचकाची दिशाभूल होईल. स्कॉटिश परगण्यात मतदार म्हणजे मूठभर जमीनदार, आणि नेअर्नमध्ये लॉर्ड कॉडॉरचा शब्द चाले. शिवाय नेअर्न आणि क्रोमार्टी हे दोन छोटे परगणे आळीपाळीने सदस्य पाठवीत. एका पार्लमेंटला एकाचा प्रतिनिधी, पुढच्याला दुसऱ्याचा. त्यामुळे १८१८ मध्ये पार्लमेंट विसर्जित झाले तेव्हा मॅकिन्टॉशचा मतदारसंघच उरला नाही. मग ड्यूक ऑफ डेव्हनशायरने त्याला यॉर्कशायरमधील नेअर्सबरोची जागा दिली. तेथील बहुतेक मतदानहक्क ड्यूकच्याच मालमत्तेला जोडलेले होते. मॅकिन्टॉश मरेपर्यंत याच जागेचा प्रतिनिधी राहिला. जिथे मोठी मतदारसंख्या आणि खर्च होता अशा ठिकाणी उभे राहण्याची ऐपत असलेला तो माणूस नव्हता. बुद्धिवान पण निर्धन माणसाला पार्लमेंटमध्ये जायला उमरावाच्या आश्रयाखेरीज मार्ग नव्हता, आणि १८३२ पूर्वीची कितीतरी मोठी नावे अशाच वाटेने तेथे पोचली होती.

सभागृहात तो प्रथम श्रेणीचा वक्ता ठरला नाही. त्याची भाषणे निबंधासारखी बांधलेली, दाखल्यांनी भरलेली असत. खडाजंगीत उत्तर फेकण्याचे कसब त्याच्यापाशी नव्हते. पण काम त्याने भरीव केले. फौजदारी कायद्याच्या सुधारणेचा झेंडा सर सॅम्युअल रॉमिलीने वर्षानुवर्षे एकट्याने धरला होता. नोव्हेंबर १८१८ मध्ये पत्नीच्या मृत्यूच्या दुःखात रॉमिलीने आत्महत्या केली आणि ती जबाबदारी मॅकिन्टॉशने उचलली. २ मार्च १८१९ रोजी त्याने देहान्त शिक्षांच्या चौकशीसाठी समिती नेमण्याचा ठराव मांडला. सरकारचा विरोध असताना तो १९ मतांनी संमत झाला. समितीने व्यापारी, सावकार, पोलीस अधिकारी यांच्या साक्षी घेतल्या आणि त्यातून एक गोष्ट उघड झाली: शिक्षा इतकी भयंकर असल्यामुळे लुबाडलेला माणूस फिर्याद करत नाही, साक्षीदार बोलत नाही आणि ज्यूरी मुद्दाम मालाची किंमत कमी ठरवून आरोपीला वाचवते. कडक कायदा गुन्हेगाराच्याच पथ्यावर पडत होता.

१८२० मध्ये त्याने सहा विधेयके आणली आणि त्यांपैकी तीन कायद्यात उतरली. दुकानातील किरकोळ चोरीची फाशी त्यांत गेली. १८२३ मध्ये त्याचे व्यापक ठराव फेटाळले गेले, पण तोवर गृहमंत्री झालेल्या रॉबर्ट पीलने सुधारणेचे काम सरकारच्या हाती घेतले. श्रेय बहुतांशी पीलला मिळाले. त्याने ते कायदे खरोखर केले, म्हणून ते अन्याय्य म्हणता येत नाही; पण पीलला ज्या रस्त्याने चालावे लागले तो विरोधी बाकांवरून बांधला गेला होता. १८३० मध्ये बनावट दस्तऐवजांच्या गुन्ह्यांवरची फाशी काढण्याची दुरुस्ती मॅकिन्टॉशने पीलच्या विरोधात हाउस ऑफ कॉमन्समध्ये जिंकली; लॉर्डांच्या सभागृहाने ती परतवली. हा माणूस कोरा तत्त्वज्ञ आहे असे विरोधक म्हणू शकत नव्हते. त्याने न्यायासनावर बसून फाशीवाचून कारभार करून दाखवला होता.

इतर प्रश्नांवरही तो बहुधा दुर्बळाच्या बाजूने उभा राहिला: व्हिएन्ना परिषदेने जेनोआच्या प्रजासत्ताकाचा गळा घोटला तेव्हा, दक्षिण अमेरिकेतील नव्या राष्ट्रांना मान्यता देण्याच्या वेळी, आणि डेमेरारातील गुलामांच्या उठावानंतर मिशनरी जॉन स्मिथवर झालेल्या अन्यायाविरुद्ध. याच काळात, १८१८ ते १८२४, तो हेलीबरीच्या कॉलेजात कायद्याचा प्राध्यापक होता. कंपनीचे मुलकी अधिकारी येथेच तयार होत. १८२० मध्ये एडिंबरोत नीतिशास्त्राचे अध्यासन त्याला मिळत होते, ते त्याने सोडले. बरीच माणसे याला त्याची मोठी चूक मानतात. राजकारणात तो दुय्यम राहिला आणि अध्यापनात कदाचित पहिला ठरला असता. १८२२ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याला लॉर्ड रेक्टर म्हणून निवडले, तेही सर वॉल्टर स्कॉटविरुद्ध. त्याच्या आयुष्यातील खरीखुरी चुरशीची निवडणूक हीच म्हणावी लागेल.

संभाषणात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८२७ मध्ये वेजवुडांच्या घरी त्याची गाठ अठरा वर्षांच्या चार्ल्स डार्विनशी पडली. इतिहास, राजकारण आणि नीतिशास्त्रावर त्याच्याइतके सुंदर बोलणारा आपण दुसरा ऐकला नाही, असे डार्विनने म्हातारपणी नोंदवले. डार्विनची पत्नी एमा ही मॅकिन्टॉशच्या दुसऱ्या पत्नीची भाची. मनुष्याच्या नैतिक जाणिवेच्या उगमाविषयी लिहिताना डार्विनने मॅकिन्टॉशच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाचा आधार घेतला.

तो ग्रंथ, म्हणजे नीतितत्त्वज्ञानाच्या विकासावरील प्रबंध, त्याने ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’साठी १८३० मध्ये लिहिला. जेम्स मिलने त्याच्यावर अत्यंत कठोर टीकाग्रंथ लिहिला आणि तो मॅकिन्टॉशच्या मृत्यूनंतर १८३५ मध्ये बाहेर आला. लार्डनरच्या ग्रंथमालेसाठी मॅकिन्टॉशने इंग्लंडचा लोकप्रिय इतिहास सुरू केला आणि सर थॉमस मूरचे छोटे चरित्र लिहिले. १६८८ चा इतिहास मात्र त्या क्रांतीच्या उंबरठ्यावरच अडला.

१८३० च्या अखेरीस व्हिग पक्ष सत्तेवर आला. मॅकिन्टॉशला हिंदुस्थानविषयक बोर्ड ऑफ कंट्रोलवर साधे सदस्यपद मिळाले. वर्षानुवर्षे पक्षासाठी झिजलेल्या माणसाला ही वागणूक शोभणारी नव्हती. ४ जुलै १८३१ रोजी त्याने पार्लमेंटच्या सुधारणेच्या, म्हणजे रिफॉर्म बिलाच्या, बाजूने भाषण केले. ज्या मतदारसंघ-पद्धतीने त्याला पार्लमेंट दाखवले, तीच मोडण्यासाठी तो बोलत होता. १८३२ च्या वसंतात जेवताना कोंबडीचे हाड त्याच्या घशात अडकले. ते निघाले, पण जखम चिघळली आणि ३० मे १८३२ रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. रिफॉर्म ॲक्टला राजाची संमती त्यानंतर आठ दिवसांनी, ७ जून रोजी मिळाली. हॅम्पस्टेड येथे त्याचे दफन झाले.

अपुरा इतिहास १८३४ मध्ये छापला गेला. त्यावरील मेकॉलेचे परीक्षण ‘एडिंबरो रिव्ह्यू’त जुलै १८३५ मध्ये आले, त्या वेळी मेकॉले कलकत्त्यात कायदासदस्य होता. मॅकिन्टॉशने आयुष्यभर जमवलेली अस्सल कागदपत्रांची टिपणे पुढे मेकॉलेला वापरायला मिळाली. त्याने स्वतःच्या इंग्लंडच्या इतिहासात या ऋणाचा उल्लेख केला आहे. १८३५ मध्येच मुलगा रॉबर्ट मॅकिन्टॉशने वडिलांचे चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध केले. मुंबईतील रोजनिशी आणि ग्रँड ज्यूरीपुढची भाषणे त्यात आहेत. विसाव्या शतकापूर्वीच्या मुंबईचा अभ्यास करणाऱ्याने ती वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. देहान्त शिक्षेविरुद्धचे त्याचे कामही पुढे फळाला आले: १८६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फाशीचे गुन्हे चारावर आले.

परळला जन्मलेली सोसायटी १८३० च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि १८३३ मध्ये बांधून झालेल्या टाउन हॉलमध्ये तिला कायमची जागा मिळाली. मॅकिन्टॉशच्या काळात तिचे दार देशी माणसाला बंद होते. १८४० मध्ये माणेकजी करसेटजींनी ते उघडायला लावले. त्यानंतर डॉ. भाऊ दाजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तिच्या नियतकालिकाला वजन मिळवून दिले, आणि १८९२ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तिचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले.